निळा राघू आणला आणि पोपट माझाच झाला

व्हिडिओ जेमतेम अकरा सेकंदांचा होता. तळहातावर आकाशी निळं पिल्लू, फिकट गुलाबी चोच, टपोरे काळेभोर डोळे. मागे फुलाफुलांचा पडदा. खाली मजकूर: 'निळा रिंगनेक, नर, दोन महिन्यांचा, हाताने भरवलेला, पूर्ण माणसाळलेला, डीएनए रिपोर्टसह.' रिंगनेक म्हणजे आपला नेहमीचा कंठीवाला पोपट, फक्त हा निळ्या रंगाचा. तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेन, याचा हिशोब नाही. पिल्लाकडे इतकं पाहिलं, पण आणलेल्या पक्ष्याकडे नीट पाहायला मला पाच दिवस लागले.

विकणारा बोलायला गोड होता. 'दोनच पिल्लं उरलीत, एकाला दुसरं गिऱ्हाईक लागलंय' असं म्हणाला आणि मी निम्मे पैसे आगाऊ पाठवले. प्रत्यक्ष बघायला येतो म्हटलं तर म्हणाला, 'आत विणीच्या जोड्या आहेत, बाहेरचं माणूस आलं की बिथरतात.' हे कारण अगदीच खोटं नसतं, त्यामुळे मला ते पटलं. पक्षी हातात आला तो संध्याकाळी, रस्त्याच्या कडेला, भोकं पाडलेल्या खोक्यातून. तिथे उघडू नका, उडून जाईल, असं बजावलं. उरलेले पैसे दिले आणि घरी आलो.

पहिले दोन दिवस मी हवेत होतो. पक्षी बोटावर बसायचा, डोकं खाजवू द्यायचा, ओरडायचा नाही. डोळे अर्धे मिटून, पिसं फुलवून बसून राहायचा. मी सगळ्यांना सांगत सुटलो, किती शांत आहे बघा! रिंगनेक जातीचा पक्षी, तोही नव्या घरात, दोन दिवस गप्प बसतो यात काहीतरी चुकतंय हे तेव्हा डोक्यात आलं नाही. तो शांत नव्हता, आजारी होता. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतो. पिसं फुगवून बसलाय, श्वासागणिक शेपूट खालीवर हलतंय, म्हणजे लपवायचीही ताकद उरलेली नाही.

तिसऱ्या दिवशी खाऊनपिऊन थोडा तरतरीत झाला आणि पहिलं काम काय केलं, तर माझ्या अंगठ्याचा लचका काढला. विकणाऱ्याला विचारलं तर त्याच्याकडे उत्तर तयार होतं: वयात येतोय, या वयात चावतातच. रिंगनेकची पिल्लं चार-सहा महिन्यांची झाली की काही काळ चावरी होतात, हे खरं आहे. पण याच माणसाने पिल्लू दोन महिन्यांचं म्हणून विकलं होतं. त्याचं खोटं असंच असायचं, निम्मं खरं, निम्मं सोयीचं.

पाचव्या दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी टॉवेलमध्ये धरून डोळ्याजवळ टॉर्च नेला आणि हसले. 'हे पिल्लू?' म्हणाले. बाहुलीभोवती स्वच्छ फिकट पांढरं कडं होतं. लहान रिंगनेकचा डोळा जवळजवळ सगळा काळा दिसतो, हे कडं वय वाढेल तसं उजळत जातं. चोच पोवळ्यासारखी लाल होती, व्हिडिओतल्या पिल्लाची फिकट. मग त्यांनी शेपूट पसरून दाखवलं. मला वाटलं होतं, पिल्लू आहे म्हणून शेपूट आखूड आहे. मधली लांब पिसं मुळाशी मोडली होती, दाटीच्या पिंजऱ्यात मोडतात तशी. पूर्ण वाढलेल्या रिंगनेकची लांबी साधारण 40 सेंटिमीटर, आणि त्यात निम्म्याहून जास्त शेपूटच असतं. ते मोडलं की मोठा पक्षीही पिल्लासारखा दिसतो. एका पंखाची उड्डाणपिसं कातरलेली होती. बोटावरून उडत का नव्हता, तेही कळलं.

कंठीचा खेळ तर त्याहून साधा. नराच्या गळ्यात कंठी, म्हणजे गळ्याभोवतीचा रंगीत पट्टा, येते ती साधारण दीड वर्षानंतर, कधीकधी तिसरं वर्षही लागतं. हिरव्या नराला काळी-गुलाबी, निळ्याला काळी-पांढरी. मादीला अशी ठसठशीत कंठी येतच नाही. म्हणजे गळा कोरा असेल तर दोनच शक्यता: पक्षी लहान आहे किंवा मादी आहे. विकणारा पहिली सांगतो आणि दुसरी विकतो. माझ्या घरी आली होती ती चांगली मोठी मादी. पुढे पिसावरून केलेल्या डीएनए चाचणीतही तेच आलं. मादी बोलतच नाही असं नाही, पण बोलका नर म्हणून जास्त पैसे घेतले होते.

मग तो डीएनए रिपोर्ट कोणाचा? कोणाचा का असेना, माझ्या पक्ष्याचा नव्हता. रिपोर्टवर पायातल्या कडीचा नंबर असतो. तो मी मोठ्या कौतुकाने फाइलला लावला होता, पण पायाशी ताडून पाहिला नव्हता. पायातल्या कडीवर नंबरच नव्हता, शिवाय ती फटीची होती. बंद कडी पिल्लू साधारण दहा-बारा दिवसांचं असताना, बोटं एकत्र धरून, पायात सरकवावी लागते. नंतर पाय वाढतो आणि ती जातच नाही. म्हणून तिच्यावरचं साल आणि पैदास करणाऱ्याची खूण यांना काही अर्थ असतो. फटीची कडी पक्कडीने कोणत्याही पक्ष्याच्या पायात, कधीही दाबून बसवता येते. हिरव्या पक्ष्यांच्या बाबतीत तर यात आणखी मोठी गोम आहे. रानातून पकडलेला पक्षी अशीच कडी घालून 'फार्मचा' म्हणून खपवला जातो. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपला रानातला पोपट पकडणं, विकणं आणि पाळणं गुन्हा आहे. विकणारा फोन बंद करून मोकळा होतो, पिंजरा मात्र घेणाऱ्याच्या घरात असतो.

पैशांपेक्षा जास्त त्रास झाला तो आजाराचा. तपासणीत क्लॅमिडिया सिटासी हा जीवाणू निघाला, पोपटांकडून माणसाला होणाऱ्या तापाचं कारण. पिसांची आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून गेली की माणसाला ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला, कधी न्यूमोनियाही होतो. घरात वडील, त्यांना आधीच दम्याचा त्रास. आणि मी दोन दिवस हा 'शांत' पक्षी त्यांच्या मांडीवर ठेवला होता. त्यांच्या तपासण्या होऊन काही नाही म्हणून कळेपर्यंतचा आठवडा मला लिहायचा नाही. पक्ष्याला 45 दिवस डॉक्सिसायक्लिन. रोज मास्क लावून पिंजरा पुसायचा, तोही ओल्या फडक्याने, झाडायचा नाही. आधीचा पक्षी घरात नव्हता म्हणून बरं. असता तर नवा पक्षी निदान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवण्याचं शहाणपणही मला तेव्हा नव्हतंच.

विकणाऱ्याला सगळं कळवलं. आधी 'हवा मानवली नाही', मग 'तुम्हीच काहीतरी चुकीचं खायला घातलं', मग उदार होऊन 'बदलून देतो, फक्त थोडा फरक पाठवा'. नंतर नंबर बंद. महिन्याभराने दुसऱ्या नावाखाली तोच अकरा सेकंदांचा व्हिडिओ दिसला. तोच पडदा, तेच पिल्लू, अजूनही दोन महिन्यांचंच. मी नवं गिऱ्हाईक होऊन लिहिलं: 'पिल्लाजवळ आजची तारीख लिहिलेला कागद धरून, डोळा आणि कडी जवळून दाखवा.' तासाभरात मला ब्लॉक केलं. हेच एक वाक्य मी आगाऊ पैसे देण्याआधी लिहिलं असतं तर!

माझा अनुभव वाचून एकाने विचारलं, मग भरवायचं पिल्लूच घेतलं तर? वय तरी खरं कळेल. वय कळेल, पण स्वतः खायला न शिकलेलं पिल्लू विकणं ही विकणाऱ्याची मेहनत वाचवायची युक्ती आहे, लळ्याशी तिचा संबंध नाही. खाद्य जरा जास्त गरम झालं तर गळ्याखालची पिशवी भाजते, घाईने भरवलं तर श्वासनलिकेत जातं. आणि उपाशी पिल्लू कुणाच्याही हाताला चिकटतं, त्याला माणसाळलेलं म्हणत नाहीत. हिरवा पक्षी 'स्प्लिट ब्लू' म्हणून महाग विकणारेही भेटतात. निळ्याचा गुण पोटात आहे की नाही, हे डोळ्यांनी दिसत नाही. आईबापांपैकी एक निळा असल्याचा पुरावा किंवा चाचणी नसेल तर तो निव्वळ हिरवा पक्षी समजावा.

तिला परत करायला जागाच नव्हती, म्हणून ती राहिली. हे पक्षी पंचवीस-तीस वर्षं जगतात, आणि हिचं वय मला कोणी सांगू शकत नाही. पिसं झडून नवी आली, शेपूट आता लांब आहे. बोटावर अजून येत नाही. मी खोलीत असलो की वरच्या दांडीवर एका पायावर उभी राहून बघत असते, ते पांढरं कडं बारीक-मोठं करत. वाटीत दाणे टाकून मी पाठ वळवली की खाली उतरते.