‘सिस्टर, इथे फक्त एक सही करा’

वेळ बहुतेक नाइट ड्युटी संपतानाची. हँडओव्हर झालेला, डोळे मिटायला आलेले. एचआरच्या केबिनमध्ये टाइप केलेला कागद तयार असतो: ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे.’ सोबत प्रेमळ आवाज, “सही केली तर अनुभवाचा दाखला आजच. नाहीतर पुढे कुठे नोकरी मिळणं अवघड जाईल.” खाजगी हॉस्पिटलांत नर्स, टेक्निशियन, वॉर्डबॉय, मावशी यांना याच पद्धतीने घरी बसवलं जातं.

राजीनामाच का लागतो, ते हिशोबात दिसतं. नोकरकपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण केलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यावा लागतो. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १३,००० आणि नोकरी ६ वर्षं असेल, तर १३,००० अधिक सुमारे ३९,०००, म्हणजे ५२,०००. स्वतःहून नोकरी सोडली की कपात झालीच नाही, म्हणून हे पैसे नाहीत. ग्रॅच्युइटी मात्र पाच वर्षं भरली असतील तर राजीनाम्यानंतरही मिळते: १३,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ६, म्हणजे ४५,०००. “राजीनामा दिला, ग्रॅच्युइटी गेली” असं सांगितलं तर ती थाप समजा.

कामात चूक केली, असा ठपका असेल तर आरोपपत्र, खुलाशाची संधी आणि चौकशी हवी. तोंडी “उद्यापासून येऊ नका” याला चौकशी म्हणत नाहीत.

केबिनमध्ये सही करू नका; “घरी वाचून देते” एवढं पुरे. सही झालीच असेल तर त्याच दिवशी ईमेल करा: ‘राजीनामा दबावाखाली घेतला आहे, तो मी मागे घेते, कामावर यायला तयार आहे.’ हाच मजकूर स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. राजीनामा स्वीकारला जाण्याआधी मागे घेता येतो, त्यामुळे इथे तासांना किंमत आहे. ‘माझं काहीही येणं बाकी नाही’ हे वाक्य फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशोबाच्या कागदात हमखास शेवटच्या ओळीत असतं. चेक घ्यायचाच असेल तर सहीशेजारी ‘निषेधासह स्वीकारले’ आणि तारीख लिहा.

हाकलल्यावर पहिल्यांदा बंद होतं ते हजेरीचं ॲप, मग ड्युटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. म्हणून ड्युटी रोस्टरचे फोटो, पगारपत्रकं, बँक स्टेटमेंट, ओळखपत्राच्या दोन्ही बाजू आधीच ठेवा. पेशंटच्या फायलींचे फोटो मात्र काढू नका. गोपनीयतेच्या नावाखाली तुमच्यावरच डाव उलटतो.

बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की सलग एक वर्षाची सेवा धरली जाते. सेवा सलग दिसू नये म्हणून अकरा महिन्यांनी एक दिवसाचा ब्रेक दाखवतात. वर्षानुवर्षं असं चालवणं ही अनुचित कामगार प्रथा आहे, पण सिद्ध करायला सगळी जुनी नेमणूकपत्रं लागतात. दुसरी चलाखी पदनामाची: ‘सुपरवायझर’ लिहिलं की तुम्ही कामगार नाही, असा दावा होतो. पाटी नव्हे, प्रत्यक्ष काम पाहिलं जातं. दिवसभर इंजेक्शनं आणि ड्रेसिंग करत असाल तर तेच लिहून द्या.

अर्ज जिल्ह्यातल्या सहायक कामगार आयुक्तांकडे, साध्या कागदावर. आवक शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. समेटातून ४५ दिवसांत काही निघालं नाही तर औद्योगिक न्यायाधिकरणात थेट जाता येतं. त्यासाठी नव्या औद्योगिक संबंध संहितेत नोकरी गेल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार काढल्यावर थकीत पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. “पुढच्या महिन्याच्या सात तारखेला या” असं सांगितलं, तर तेवढंच ईमेलवर लिहून मागा.