आर्चेस ३०० जीएसएम कोल्ड प्रेस: महाग, पण कुठे वापरायचा ते कळलं तर परवडतो

जलरंगात हात आखडायचा असेल तर रंगांच्या ट्यूबमध्ये आखडावा, कागदात नाही. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर दुसरा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, दिला की खालचा उखडतो, जरा घासलं की कागदाचे गोळे निघतात. दोष हाताला लागतो, असतो कागदाचा.

फ्रान्सचा आर्चेस हा जलरंगाचा कागद शंभर टक्के सुती आहे आणि त्यात जिलेटिनचं साइझिंग, म्हणजे पाणी रोखून धरणारी खळ, आतपर्यंत मुरवलेलं असतं. त्यामुळे पाणी पटकन शोषलं जात नाही. आकाशाचा वॉश बराच वेळ ओला राहतो, ढगांच्या कडा सावकाश विरघळवता येतात. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांचं मिश्रण कोल्ड प्रेसच्या खरखरीत दाण्यात छान बसतं. सुकलेला अल्ट्रामरीन ओल्या ब्रशने बऱ्यापैकी उचलता येतो. थॅलो ब्लूचा डाग मात्र राहतोच. ओला झाल्यावर कागदाला किंचित वास येतो, तो जिलेटिनचा. ते प्राणिजन्य असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच विचार करावा.

नव्या कागदावर पहिला वॉश कधीकधी तुटक बसतो. ओला स्पंज हलकेच फिरवून दोन-तीन मिनिटं थांबलं की काम होतं. गरम पाण्यात भिजवू नका, साइझिंग धुऊन जातं. ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) इतका जाड असला तरी भरपूर पाण्याने फुगतोच. मोठ्या चित्रासाठी दोन्ही बाजू ओल्या करून बोर्डवर गमटेपने, म्हणजे ओली करून चिकटवायच्या कागदी पट्टीने, ताणावा. मास्किंग टेप ओल्या कागदाला धरत नाही.

ब्लॉक, म्हणजे कडांना चिकटवलेला कागदांचा गठ्ठा, सोयीचा, पण सुटा ताव स्वस्त पडतो. ५६ x ७६ सेंमीच्या तावाचे १९ x २८ सेंमीचे आठ तुकडे होतात. रंगांचे तक्ते नि घाईची स्केचेस यावर करणं म्हणजे उधळपट्टी, त्याला साधा कागद पुरे. बारीक रेघांच्या वनस्पतिचित्रांनाही हा दाणा आडवा येतो; तिथे गुळगुळीत हॉट प्रेस घ्या.

कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात हा कागद उघडा ठेवू नका. दमटपणाने साइझिंग मरतं आणि रंग ठिपक्याठिपक्यांनी आत शोषला जातो. हवाबंद पिशवीत, सिलिका जेलसोबत, आडवा ठेवा. जुना ताव वापरण्याआधी कोपऱ्यावर साधं पाणी फिरवा. गडद ठिपके उमटले तर तो ताव कोळसा नाहीतर पेस्टलसाठी बाजूला काढा.