एकट्याने खेळायचं तर 'फ्रायडे' की 'अंडर फॉलिंग स्काइज'?

दोन्ही टेबलावर मांडायचे खेळ (बोर्डगेम), मुळातच एकट्यासाठी बनवलेले. चौघांच्या खेळाला नंतर जोडलेलं ठिगळ नव्हे.

'फ्रायडे' (2011) निव्वळ पत्त्यांचा. बेटावर अडकलेल्या रॉबिन्सनला आपण तगवायचं. सुरुवातीचे पत्ते अगदीच टाकाऊ, काहींची ताकद तर शून्याखाली. गंमत अशी की लढत हरलात तर जीवाचे गुण कमी होतात खरे, पण त्याच किमतीत नको ते पत्ते कायमचे काढून टाकता येतात. म्हणून सुरुवातीला मी मुद्दाम हरतो! गठ्ठा संपून पुन्हा पिसला की मात्र त्यात म्हातारपणाचा एक पत्ता येतो, आणि शेवटी दोन चाचे उभे.

'अंडर फॉलिंग स्काइज'मध्ये (2020) पाच फासे. सहा पडले म्हणून हुरळू नका. फासा ज्या रकान्यात ठेवाल, तिथली हल्लेखोर परग्रही यानं तितकीच घरं खाली, आपल्या शहराकडे उतरतात. शिवाय पांढरा फासा ठेवला की हातातले उरलेले पुन्हा टाकायचे. आखलेला बेत गेला पाण्यात. मोहिमेमुळे (एकमेकांना जोडलेल्या डावांच्या मालिकेमुळे) खेळ लवकर शिळाही होत नाही.

प्रवासात 'फ्रायडे'च बरा. घरी टेबल मोकळं असेल तर मी डोळे झाकून दुसरा काढतो.