इन्फ्लिक्सिमॅबची पातळी कधी मोजावी: त्रास उलटल्यावर की आधीच?

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्यांच्या सुजेच्या आजारांसाठी इन्फ्लिक्सिमॅब (सूज वाढवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाला रोखणारं औषध) सुरू असेल, तर साधारण दर 8 आठवड्यांनी शिरेतून डोस मिळतो. रक्तातली पातळी तपासायची ती पुढच्या डोसच्या अगदी आधी, कारण तेव्हा ती सर्वांत कमी असते. प्रश्न एवढाच, की तपासायची कधी?

पहिली रीत: जुलाब, रक्त, पोटदुखी परत आली की तपासणे. इथे चाचणी खरोखर वाट दाखवते. पातळी 5 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली आणि अँटिबॉडी (शरीराने औषधाविरुद्ध तयार केलेली प्रथिनं) नाहीत? डोस वाढवा किंवा दोन डोसांमधलं अंतर कमी करा. अँटिबॉडी भरपूर? मग डोस वाढवून सहसा पैसाच जातो. अडालिमुमॅबसारखं त्याच गटातलं दुसरं औषध बघावं. पातळी उत्तम, तरी आतडं सुजलेलंच? तर औषधाचा गटच बदलायचा, उदाहरणार्थ वेडोलिझुमॅब.

दुसरी रीत: बरं वाटत असतानाही ठरावीक काळाने मोजणे. कल्पना पटते, पण पुरावा अर्धामुर्धा आहे. 2015 च्या टॅक्सिट अभ्यासात काही रुग्णांचा डोस पातळी बघून ठरवला, काहींचा लक्षणं बघून; वर्षअखेरीस रोग शांत असलेल्यांचं प्रमाण दोन्हींत जवळपास सारखंच निघालं. मधल्या काळात रोग उलटण्याचं प्रमाण मात्र पातळी बघून डोस ठरवलेल्यांत कमी होतं. 2021 मध्ये नॉर्वेतल्या नॉर-ड्रम बी अभ्यासाने या रीतीच्या बाजूने कौल दिला, पण त्यात संधिवात आणि सोरायसिसचे रुग्णही होते.

माझं मत पहिल्या रीतीकडे झुकतं. अपवाद पूर्वी अँटिबॉडी झालेल्यांचा.