मिशेलिनचा ३३७ क्रमांकाचा नकाशा : फ्रान्समधील निवांत रस्ते शोधणाऱ्या सायकलस्वारासाठी

फ्रान्सच्या ग्रामीण भागात सायकल चालवायला निघालेले मराठी सायकलस्वार हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात : मोटारींची वर्दळ नसलेले रस्ते शोधायचे कसे? मी त्यांना कागदी नकाशा विकत घ्यायला सांगतो, आणि तोही मिशेलिन कंपनीच्या १:१,५०,००० प्रमाणाच्या ‘लोकल’ मालिकेतला. या मालिकेतील ३३७ क्रमांकाचा नकाशा नैर्ऋत्य फ्रान्समधील लोत आणि तार्न-ए-गारोन या दोन जिल्ह्यांचा आहे. मी सर्वाधिक वापरला तो हाच, म्हणून हे परीक्षण त्याच्यापुरते ठेवले आहे. मात्र चिन्हांची पद्धत संपूर्ण मालिकेत सारखीच आहे.

नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे दीड किलोमीटर, त्यामुळे दिवसभराची सायकलफेरी घडी न उलटता साधारण एका नजरेत मावते. मोठे रस्ते तांबडे, त्याखालोखालचे पिवळे आणि उरलेले सारे पांढरे दाखवलेले असतात. सायकलस्वाराला हवे असतात ते हे पांढरे. रस्त्याच्या कडा सलग रेषेने काढल्या असतील तर वर डांबर आहे आणि तुटक असतील तर रस्ता कच्चा आहे, हा फरक बारीक टायरची सायकल नेणाऱ्याने निघण्यापूर्वीच पाहून घ्यावा. चढ दाखवणारे छोटे बाण तर या नकाशाचे खरे वैभव आहे : एक बाण म्हणजे ५ ते ९ टक्के चढ, दोन म्हणजे ९ ते १३ टक्के आणि तीन म्हणजे त्याहूनही अधिक. बाणाचे टोक नेहमी चढाच्या दिशेला असते, त्यामुळे तोच रस्ता कोणत्या बाजूने गाठावा हे घरी टेबलावरच ठरवता येते.

तथापि, रस्ता पांढरा आहे म्हणजे तो निवांत असेलच, असे समजू नये. निवांतपणा ओळखायचा तो शेजारचे रस्ते पाहून. दोन बाजारगावांना जोडणारा एकमेव रस्ता पांढरा असला तरी दूधगाड्या, शाळेच्या बस आणि कामावर जाणारी माणसे त्यावरूनच जाणार. उलट ज्या पांढऱ्या रस्त्याला समांतर तांबडा किंवा पिवळा रस्ता धावतो, त्यावरची वाहतूक तो मोठा रस्ता ओढून घेतो आणि मागे राहतात ती फक्त त्या वाडीवस्तीची वाहने. फ्रान्समध्ये असे रस्ते इतके विपुल का, याचे उत्तर तेथील गावव्यवस्थेत सापडते. या देशात सुमारे ३५,००० कोम्यून, म्हणजे स्वतःचा महापौर असलेली गावे आहेत, आणि आपल्या हद्दीतले छोटे रस्ते सांभाळणे ही त्या प्रत्येकाची जबाबदारी असते. चार घरांच्या वाडीपर्यंतही नीट डांबरी रस्ता जातो तो त्यामुळेच.

रस्त्याच्या क्रमांकावर मात्र विसंबू नये. ‘डी’ या अक्षराने सुरू होणारे रस्ते जिल्ह्याचे, म्हणून ते सर्व शांत, असा समज पुष्कळांचा असतो. २००६ च्या सुमारास राष्ट्रीय महामार्गांचा मोठा हिस्सा जिल्ह्यांकडे सोपवला गेला आणि त्यांचे क्रमांक बदलले. पॅरिसहून दक्षिणेकडे जाणारा जुना एन २० हा लोतमध्ये आता डी ८२० आहे. नाव जिल्हा रस्त्याचे असले, तरी मालमोटारींची ये-जा महामार्गाचीच. येथे नकाशाचा रंग क्रमांकापेक्षा अधिक खरे बोलतो.

रस्त्यालगतच्या हिरव्या किनारीबद्दलही सावध करणे मला आवश्यक वाटते. ही किनार म्हणजे निसर्गरम्य मार्गाची खूण. ती पाहून नवखा सायकलस्वार हरखून जातो. पण तीच खूण मोटारसायकलस्वारांना आणि फिरती घरे घेऊन येणाऱ्या कुटुंबांनाही दिसत असते. जुलै-ऑगस्टच्या रविवारी सँ-सिर्क-लापोपी या पर्यटकांच्या आवडत्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर याची पुरेपूर प्रचिती येते. मे, जून किंवा सप्टेंबरमध्ये त्याच वाटा पुष्कळ मोकळ्या असतात, आणि एरवीही दुपारी बारा ते दोन ही वेळ साधावी, कारण तेव्हा अवघा प्रदेश जेवायला बसलेला असतो.

नकाशाची कसोटी मी लोतमधील फिझाक या गावापासून लावली. तेथून पश्चिमेला सेले नदीच्या खोऱ्यात उतरले की चुनखडीच्या उभ्या कड्यांखालून डी ४१ हा रस्ता नदीच्या सोबतीने मार्सियाक आणि काब्रेरे या गावांकडे जातो. हा रस्ता सुंदर आहे, परंतु उन्हाळ्यात नदीवर होड्या वल्हवायला येणाऱ्यांच्या मोटारी त्यावर असतातच. नकाशा उघडल्यावर दिसते की खोऱ्यातून पठारावर चढणाऱ्या पांढऱ्या रेषांवर जागोजागी बाण आहेत. चढ आखूड पण खडे आहेत, आणि वर पोहोचताच वाहनांचा आवाज थांबतो. तेथे खुजे ओक, दगडावर दगड रचून चुन्याविना उभारलेल्या भिंती आणि त्यांच्या आड चरणाऱ्या मेंढ्या भेटतात. या मेंढ्या अंगाने पांढऱ्या, पण कान काळे आणि डोळ्यांभोवतीही काळी वर्तुळे, जणू चष्माच लावला आहे. फाट्यावरच्या पाट्यांवर जिल्हा रस्त्याचा क्रमांक पिवळ्या चौकटीत असतो. तो नकाशावरच्या बारीक आकड्याशी जुळला की पुढचा टप्पा निर्धास्तपणे सुरू करता येतो.

आता उणिवा. या नकाशात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, नाहीत. त्यामुळे बाण नसलेला, पण पाच टक्क्यांच्या आतला लांबलचक चढ त्यावर कळतच नाही, आणि दिवसाअखेरीस पाय दुखवतो तो हाच चढ. वाड्यांमधली अगदी लहान वळणे या प्रमाणात मावत नाहीत. त्यांसाठी आयजीएन या सरकारी संस्थेचे १:२५,००० प्रमाणाचे नकाशे अधिक तपशीलवार आहेत, परंतु त्यांवर एक सेंटिमीटर म्हणजे केवळ अडीचशे मीटर, तेव्हा एका दिवसासाठी अनेक पत्रे बाळगावे लागतील. मी मार्ग मिशेलिनवर ठरवतो आणि गावातल्या गल्लीबोळांपुरता मोबाईल काढतो. मोबाईलचे ॲप आधी मार्ग देते आणि कारण सांगत नाही. कागदावर मात्र आजूबाजूचे सर्व पर्याय एकाच वेळी दिसतात, आणि निवांत रस्ता निवडणे हे शेवटी पर्यायांची तुलना करण्याचेच काम आहे. पिण्याचे पाणीही नकाशावर सापडत नाही. चुनखडीच्या पठारावर पाऊस जमिनीत झिरपून जातो आणि वस्ती विरळ असते; अशा ठिकाणी गावच्या दफनभूमीत बहुधा नळ असतो, मात्र ‘नों पोताब्ल’ अशी पाटी असल्यास ते पाणी पिऊ नये.

डावीकडून सायकल चालवण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांनी आणखी एक नियम अंगवळणी पाडावा : जेथे पाटी किंवा खूण नाही, अशा चौकात उजवीकडून येणाऱ्या वाहनाचा हक्क पहिला, आणि असे चौक नेमके याच पांढऱ्या रस्त्यांवर भेटतात. गावाबाहेर सायकलला ओलांडताना मोटारचालकाने दीड मीटर अंतर सोडलेच पाहिजे, असा तेथील कायदा आहे, आणि माझ्या अनुभवात बहुतेक चालक तो मनापासून पाळतात.

दर चार वर्षांनी होणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या १,२०० किलोमीटरच्या राइडसाठी महाराष्ट्रातून बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करणारे अनेक सायकलस्वार फ्रान्सला जातात. १८९१ मध्ये ती प्रथम स्पर्धा म्हणून झाली तेव्हा शार्ल तेराँ याने ती मिशेलिनच्या, चाकावरून काढता येणाऱ्या टायरवर जिंकली होती, आणि कंपनीचे नाव झाले ते सायकलमुळे. नव्वद तासांची ती धावपळ आटोपल्यावर लगेच परतीचे विमान न गाठता आठवडाभर मुक्काम वाढवणाऱ्यांनी पॅरिसहून रेल्वेने लोतचे मुख्य शहर काओर गाठावे. गाडीत सायकल नेण्याची जागा मात्र आधी आरक्षित करावी. हा नकाशा फ्रान्समधील पुस्तकांच्या दुकानांत मिळतो. कागद पातळ असल्याने घडीच्या रेषेवर तो लवकर विरतो, तेव्हा हँडलवरच्या पिशवीच्या पारदर्शक कप्प्यात त्या दिवसापुरताच भाग वर येईल अशी घडी घालून ठेवावा.