डावखुऱ्याचा बॉल, उजव्या हाताचा नकाशा

सत्तावीस हजार रुपये गेले. बॉलचे 18,000, ड्रिलिंगचे 3,500, ‘स्टाइल अॅनालिसिस’चे 4,000 आणि ‘बॅलन्स होल’चे 1,500. हे शेवटचे दीड हजार मला जास्त झोंबतात. का, ते पुढे येईलच.

मी धुळ्याचा, डावखुरा. नऊ वर्षं पुण्यात नोकरी केली, तिथेच टेनपिन बोलिंगचा, म्हणजे लेनवर गोळा सोडून दहा पिना पाडायच्या खेळाचा, नाद लागला. आता घरी परतलोय, पण महिन्यातून एकदा बॅग उचलून पुण्याला जातोच. आई म्हणते, सहा किलोचा गोळा घेऊन एसटीने फिरणारा धुळ्यात तू एकटाच.

इतकी वर्षं तिथल्याच बॉलने खेळलो. स्वतःचा घ्यायचा ठरवला तेव्हा व्हॉट्सअॅपवर एक ‘लेआउट स्पेशलिस्ट’, म्हणजे बॉलला बोटांची भोकं कुठे पाडायची ते ठरवणारा, भेटला. बोलणं एकदम गोड. म्हणाला, ‘दादा, बॉल महत्त्वाचा नाही, भोकं कुठे पाडली ते महत्त्वाचं.’ वाक्य शंभर टक्के खरं आहे, म्हणून तर फसलो. त्याने माझ्या थ्रोचे दोन व्हिडिओ मागवले, बोटांची मापं मागवली आणि चार दिवसांनी रंगीत पीडीएफ पाठवला. वर माझं नाव, खाली तीन आकडे: 50 अंश, साडेचार इंच, 30 अंश.

हे तीन आकडे थोतांड नाहीत. मो पिनेल यांच्या ‘ड्युअल अँगल’ पद्धतीत लेआउट असाच लिहितात. बॉलच्या आत एक जड गाभा असतो आणि त्याचं टोक कुठे आहे हे बाहेरून एका रंगीत ठिपक्याने कळतं. तो ठिपका म्हणजे पिन (पाडायची ती नव्हे). तुमच्या हातून सुटलेला बॉल ज्या अक्षावर फिरतो, त्या अक्षाचं पृष्ठभागावरचं टोक म्हणजे पॅप. मधला आकडा हे पिन आणि पॅपमधलं अंतर. बाजूच्या दोन कोनांची बेरीज लहान असेल तर बॉल लवकर वळतो, मोठी असेल तर उशिरा. माझ्यासारखा जोरात टाकणारा, कमी फिरकी देणारा असेल तर कोन लहान हवेत. हळू टाकून भरपूर फिरकी देणाऱ्याला मोठे.

पण हे सगळं पॅपपासून मोजायचं असतं, आणि माझा पॅप त्याने मोजलाच नव्हता. तेव्हा मला हे कुठे ठाऊक होतं!

बॉल कुरिअरने आला. बोटं मस्त बसली, अंगठाही सैल नाही. त्यामुळे संशयाला जागाच नव्हती. पुण्यात लेनवर टाकला तर सरळ निघाला. शेवटी जरासा कलायचा, तोही वरच्या रेझिनच्या आवरणाच्या कृपेने. विचारलं तर म्हणे लेनवर मुद्दाम लावतात ते तेल जास्त असेल. पुढच्या वेळी म्हणे तुमचं मनगट मोडतंय. मी महिनाभर मनगटाचे व्यायाम केले, घ्या!

डोळे उघडले ते शेजारच्या लेनवर खेळणाऱ्या एका काकूंमुळे. त्यांनी परत आलेला माझा बॉल उचलून दिव्याखाली तिरका धरला. लेनवरचं तेल बॉलवर वर्तुळं उमटवतं. गाभा नीट बसवलेला असेल तर प्रत्येक फेऱ्याला वर्तुळ थोडं सरकतं आणि दर वेळी बॉलचा कोरडा भाग लेनला लागतो, म्हणून तो पकड घेतो. माझ्या बॉलवर सगळी वर्तुळं एकावर एक, बांगड्या चढवाव्यात तशी एकाच जाड पट्ट्यात.

काकूंनी पहिल्या वर्तुळावरून अंदाज घेत पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा बॉलवर लावला. ‘टाक आता.’ पट्टी डगमगली. त्यांनी ती अर्धा इंच सरकवली, पुन्हा टाकला. तिसऱ्या वेळी बॉल फिरत होता आणि पट्टी सुरुवातीचे काही फूट भोवऱ्याच्या आरीसारखी जागच्या जागी. तो माझा पॅप. ग्रिपच्या, म्हणजे बोटांच्या भोकांच्या, मध्यापासून डावीकडे जेमतेम पाच इंच, अर्धा इंच वर. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम, ज्याचे मी चार हजार दिले होते.

धुळ्यात आल्यावर अवधान एमआयडीसीत मित्राच्या लेथ वर्कशॉपमध्ये बॉल टायरच्या ट्यूबवर ठेवला आणि शिंप्याच्या टेपने पिनपासून पट्टीपर्यंत मोजलं. सव्वासहा इंच! रिपोर्टमध्ये साडेचार. बॉलचा घेर साधारण 27 इंच, त्याचा चौथा हिस्सा पावणेसात. पिन पॅपपासून तितकी लांब गेली की वर्तुळं सरकणं जवळपास थांबतंच. आता आम्ही ग्रिपच्या उजव्या बाजूला, आरशात दिसावा तसा पॅप धरून मोजलं. बरोब्बर साडेचार. मित्राने टेप गुंडाळली. ‘भाऊ, हाऊ ते उजवा हातना नकाशा शे. तुना बॉलवर तसाच ठोकी दिन्हा त्यानी.’

आता ते दीड हजार. बोटांची तीन भोकं सोडून हे चौथं भोक, म्हणजे ‘बॅलन्स होल’, कशाला, विचारलं तेव्हा उत्तर आलं की वजन समतोल करायला, सगळे प्रो करतात. करायचे, एकेकाळी. पण अमेरिकी बोलिंग काँग्रेसने, म्हणजे यूएसबीसीने, 1 ऑगस्ट 2020 पासून असं भोक बंद केलं. प्रत्येक भोक पकडीसाठीच वापरात हवं. म्हणजे त्या नियमांच्या स्पर्धेत माझा बॉल तपासणीच्या टेबलावरच बाद होतो, आणि तो बाद करायचे पैसे मीच दिले. त्याला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

पैसे मागितल्यावर त्याने ब्लॉक केलं. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न बिलाचा. बिल कुठलं, यूपीआयचे चार स्क्रीनशॉट. पक्कं बिल मागायची मला लाज वाटली होती, इतका तो ‘दादा, दादा’ करायचा. आता कुणी लेआउटचं बोललं की मी एकच विचारतो, पॅप कधी मोजताय आणि मी समोर उभा राहू का. दोघांनी त्यावर परत मेसेज केलाच नाही.

चौथं भोक बुजवून घेतलं. बॉल सरळ जातो म्हणून स्पेअरसाठी, म्हणजे पहिल्या थ्रोनंतर उरलेल्या पिना पाडायला, ठेवलाय. डावखुऱ्याला छळणारी कोपऱ्यातली सात नंबरची पिन तो बिनचूक घेतो.

गेल्या आठवड्यात नंदुरबारच्या एका मुलाने ‘दादा, हे बरोबर आहे का’ म्हणून पीडीएफ पाठवला. पोरगा उजव्या हाताचा, हळू टाकून गरगर फिरवणारा, म्हणजे माझ्या अगदी उलट. 50, साडेचार, 30. ‘अॅनालिसिस’चं इंग्रजी स्पेलिंगही माझ्यासारखंच चुकलेलं. मी लगेच फोन केला. पैसे त्याने संध्याकाळी पाठवायचे ठेवले होते.