नवा कोच, हरलेला संघ: लुईव्हिलची वाट की व्हर्जिनियाची?

बारावीतल्या मुलाला बास्केटबॉलसाठी अमेरिकेतल्या दोन कॉलेजांकडून विचारणा झाली आहे. दोन्ही संघ गेली काही वर्षं सपाटून मार खात आहेत आणि दोन्हीकडे नुकताच नवा कोच आला आहे. एक म्हणतो, यंदाच जिंकू. दुसरा म्हणतो, तीन वर्षं द्या. न्यू जर्सीतल्या किंवा बे एरियातल्या मराठी घरात अशी वेळ आली की बोलणं बहुधा विद्यापीठाच्या नावावर आणि स्कॉलरशिपवर येऊन थांबतं. कोच पडलेला संघ कुणाच्या जोरावर उभा करणार, हे विचारायचं राहून जातं. मुलाच्या वाट्याला मैदान येणार की बाक, हे मात्र त्यावरच ठरतं.

दोन वाटांची दोन ठळक उदाहरणं एसीसी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) या कॉलेज-संघांच्या एकाच गटात, म्हणजे परिषदेत, सापडतात.

लुईव्हिलच्या संघाने 2022-23 मध्ये 4 सामने जिंकले आणि 28 गमावले. पुढच्या वर्षी 8 विजय, 24 पराभव. बास्केटबॉलवर जीव टाकणाऱ्या त्या शहरात यम सेंटर या संघाच्या घरच्या मैदानातल्या खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या. मार्च 2024 मध्ये चार्ल्स्टन कॉलेजहून नवे कोच पॅट केल्सी आले तेव्हा जुन्या संघातला स्कॉलरशिपवरचा एकही खेळाडू उरला नाही. केल्सींनी जवळपास अख्खा संघ ट्रान्स्फर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, उभा केला. विस्कॉन्सिनमध्ये तीन मोसम खेळलेला चकी हेपबर्न, जेम्स मॅडिसनचा टेरेन्स एडवर्ड्स, कोलोरॅडोचा जेव्हॉन हॅडली, आणि चार्ल्स्टनहून त्यांच्या मागोमाग आलेले रेन स्मिथ व जेम्स स्कॉट. ही सगळी कॉलेजच्या मैदानावर आधीच टक्केटोणपे खाल्लेली मुलं होती. पहिल्याच मोसमात 27 विजय, 8 पराभव. परिषदेत 20 पैकी 18 सामने खिशात, परिषदेच्या स्पर्धेत अंतिम फेरी आणि एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश. तिथे पहिल्याच सामन्यात क्राइटनने हरवलं, पण मोडलेला संघ एका वर्षात पायावर उभा राहिला होता.

आता व्हर्जिनिया. 2009 मध्ये वॉशिंग्टन स्टेटहून टोनी बेनेट आले. पहिलं वर्ष 15 विजय, 16 पराभव. दुसरं वर्ष 16-15. आजच्या काळात एवढ्यावर चाहत्यांनी कोचची बॅग भरायला घेतली असती. बेनेट शाळेतून मुलं आणत आणि त्यांना वडील डिक बेनेट यांची पॅक-लाइन बचावपद्धत शिकवत. या पद्धतीत पाचही जणांनी चेंडूबरोबर एकाच वेळी सरकावं लागतं, एकजण अर्धा पाऊल चुकला की भिंत फुटते. ती अंगात मुरायला वेळ लागतो, म्हणून बेनेट काही मुलांना सरळ वर्षभर न खेळवता सरावात ठेवत. 2014 मध्ये, म्हणजे पाचव्या मोसमात, व्हर्जिनियाने एसीसीची स्पर्धा जिंकली. त्याआधी ती 1976 मध्ये जिंकली होती. 2018 मध्ये यूएमबीसी (मेरिलँड विद्यापीठ, बाल्टिमोर काउंटी) या संघाकडून 74-54 असा पराभव झाला, आणि पुरुषांच्या एनसीएए स्पर्धेत सोळाव्या मानांकिताकडून हरलेला पहिला अव्वल मानांकित संघ अशी नोंद नावावर लागली. बरीचशी तीच मुलं परत आली आणि 2019 मध्ये राष्ट्रीय विजेती ठरली. पराभवानंतर पांगापांग न होण्याला केवढी किंमत असते, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पालकांनी मात्र विजेतेपदापेक्षा माल्कम ब्रॉग्डनकडे पाहावं. 2011 मध्ये तो आला, पायाच्या दुखापतीत त्याचा एक मोसम गेला, तरी तो तिथेच राहिला. पाच वर्षांत इतिहासाची पदवी आणि सार्वजनिक धोरणातली मास्टर्स पूर्ण केली, एनबीए या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, दुसऱ्या फेरीत निवडला गेला आणि 2017 चा सर्वोत्तम नवोदित ठरला. डीआंद्रे हंटरला तर बेनेटांनी पहिलं वर्ष बाहेर बसवलं होतं. 2019 च्या ड्राफ्टमध्ये तो चौथा निवडला गेला. या दोघांसाठी आजच्या पोर्टलवाल्या संघात वर्षभर कुणी थांबलं असतं, किंवा ते स्वतः थांबले असते, असं मला वाटत नाही.

तरी संथ वाटेला सोन्याचा मुलामा देऊ नये. 2010 मध्ये बेनेटांनी शाळेतून आणलेल्या सहाजणांपैकी जो हॅरिस आणि अकिल मिचेल एवढे दोघेच शेवटपर्यंत टिकले. चौघे दुसऱ्या कॉलेजांत गेले. तेव्हा पोर्टल नव्हतं आणि संघ बदलला की एक मोसम बाहेर बसावं लागायचं, तरीही मुलं गेली.

नंतर नियमच बदलले. पोर्टल 2018 मध्ये सुरू झालं. 2021 मध्ये मोसमभर बाहेर न बसता एकदा संघ बदलायची मुभा मिळाली, त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून कमावता येऊ लागलं, आणि 2024 मध्ये, अभ्यासात पात्र असल्यास, कितीही वेळा संघ बदलायची मुभा मिळाली. 1 जुलै 2025 पासून कॉलेजंच खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षी सगळ्या खेळांना मिळून साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरची कमाल मर्यादा होती. या नव्या जगात आपण बसत नाही, असं मोकळेपणाने सांगून बेनेट ऑक्टोबर 2024 मध्ये, मोसम तोंडावर असताना, निवृत्त झाले. त्यांनी आणलेला आयझॅक मॅकनीली पुढच्या उन्हाळ्यात केल्सींच्या लुईव्हिलमध्ये दाखल झाला. आणि व्हर्जिनियाने 2025 मध्ये नेमलेले कोच रायन ओडम हे 2018 मध्ये त्यांना हरवणाऱ्या यूएमबीसीचेच कोच. त्यांनीही जवळपास सगळा संघ नवा भरला.

मग दुसरी वाट संपली का? नाही. मार्केट (Marquette) विद्यापीठात 2021 साली आलेले कोच शाका स्मार्ट यांनी पहिल्या उन्हाळ्यानंतर काही वर्षं पोर्टलकडे जवळपास पाठच फिरवली. 2022-23 मध्ये बिग ईस्ट परिषदेत नवव्या क्रमांकावर राहील असं भाकीत झालेला त्यांचा संघ पहिला आला. कॅम जोन्स तिथे चार वर्षं खेळला आणि तिथूनच एनबीएत गेला. पण असे कोच आता थोडे उरलेत.

आता निवडीचं बोलू. मुलगा शाळेतून थेट येतोय, उंची-ताकद अजून भरायची आहे आणि देशातल्या शालेय खेळाडूंच्या पहिल्या पन्नासांत त्याचं नाव नाही, तर मी पोर्टलवर संघ उभारणाऱ्या कोचकडे पाठवणार नाही. त्याच्या जागेवर दर उन्हाळ्यात बावीस-तेवीस वर्षांचा तयार गडी आणला जाईल. हेपबर्न, एडवर्ड्स, स्मिथ एका मोसमात संपले आणि केल्सींना 2025 मध्ये पुन्हा बाजार करावा लागला. हे चक्र थांबत नाही. मुलगा पहिल्या पन्नासांतला असेल तर गोष्ट वेगळी: माइकल ब्राउन ज्युनियरला लुईव्हिलने शाळेतून आणून थेट संघाची सूत्रं दिली. आणि एखाद्या लहान कॉलेजात दोन-तीन मोसम गाजवून झाले असतील, तर लुईव्हिलसारखी वाट डोळे झाकून घ्यावी. मोठं मैदान, टीव्हीवरचे सामने आणि बरे पैसे, सगळं एका वर्षात हाती येतं.

अभ्यासाची बाजू पोर्टलच्या उत्साहात मागे पडते. डिव्हिजन वन या कॉलेज-खेळांच्या सर्वांत वरच्या गटातल्या खेळाडूला तिसरं वर्ष सुरू होताना पदवीचे 40 टक्के क्रेडिट पूर्ण असावे लागतात. कॉलेज बदललं की नवं विद्यापीठ आपल्या अभ्यासक्रमात बसतील तेवढेच क्रेडिट धरतं. इंजिनीअरिंग करायचं असेल तर तीन कॉलेजं फिरून पदवी वेळेत मिळवणं फार कठीण. मुलींच्या संघांनाही हे सगळं तसंच लागू आहे. भारतातून एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांनी तर जाहिरातींच्या किंवा कॉलेजच्या पैशाला हात लावण्याआधी इमिग्रेशन वकिलाला गाठावं, कारण त्या व्हिसावर कमाईला कडक मर्यादा आहेत.

कोच घरी येईल तेव्हा गोड बोलेल, ते त्याचं कामच आहे. त्याच्या आधीच्या कॉलेजच्या तीन वर्षांच्या संघयाद्या संकेतस्थळावर असतात. त्या समोर ठेवा आणि पहिल्या वर्षाची किती मुलं तिसऱ्या वर्षीही त्याच यादीत आहेत ते मोजा. मग त्याला विचारा: मुलाच्या जागेवर पुढच्या उन्हाळ्यात पोर्टलमधून कुणाला आणायचा विचार आहे का? पैशांचा करार किती वर्षांचा, आणि तुम्ही दुसरीकडे गेलात तर त्याचं काय? उत्तरं लेखी मागा.